बाप घोडा झाला म्हणून काय बिघडले?

आपल्या घरांत मुलांना सर्वाधिक वेळा विचारला जाणारा प्रश्न कोणता, असे कुणी आम्हास विचारले तर उत्तर शोधावे लागणार नाही. ‘अभ्यास झाला का?’ बाप कामावरून आला की हाच प्रश्न, चुलीपासून आईचा हाच प्रश्न, आणि पाहुणा आला तर त्याचाही हाच प्रश्न. यामागचे कारण आपण सारे जाणतो. ज्यांच्या पूर्वजांना पाटीला हात लावू दिला गेला नाही, त्यांच्या घरात पुस्तकाला मोल असणारच. एका पिढीने हमाली केली, दुसरीने कारकुनी केली, तिसरीने अधिकारी व्हावे ही आस रास्तच आहे. म्हणून मूल खेळताना दिसले की आपल्या पोटात गोळा येतो. वेळ वाया चालला असे वाटते.

आमचे म्हणणे असे की, आईबापांनी मुलांसोबत घरात केलेला निव्वळ वेडपट खेळ हा वाया गेलेला वेळ नव्हे. त्याला पैसा लागत नाही. अर्धा तास लागतो आणि आपला मोठेपणा थोडा वेळ खुंटीला टांगून ठेवावा लागतो. पैशापेक्षा हे दुसरेच अनेकांना अवघड जाते!

बाप घोडा झाला आणि लेकरू पाठीवर बसले, की काय होते ते पाहा. दिवसभर ज्याला सगळेच हुकूम सोडतात, ते पोर आता हुकूम सोडते. बाप चुकतो, पोर हसते आणि बाप रागावत नाही. आपण व्यासपीठावरून समतेची भाषा बोलतो, पण मुलाला तिची पहिली ओळख अशा ठिकाणी होते. ‘पप्पा, तुमचा उंट कुत्र्यासारखा दिसतो,’ असे जे मूल घरात बिनधास्त सांगते, त्याला वर्गात ‘सर, मला समजले नाही’ म्हणायला धीर होतो. शिकणे म्हणजे विचारणे. आणि ज्याच्या मनात मोठ्यांची भीती बसली, ते विचारणार कसे?

याहून गंभीर एक गोष्ट आहे. उद्या हेच मूल शिकायला परगावी जाईल, वसतिगृहात राहील. तिथे कुणी आडनावावरून टोमणा मारील, कुणी सवलतीवरून हिणवील. त्या रात्री ते घरी फोन करील काय? दहा-बारा वर्षे ज्याने बापाला फक्त मार्कांचा हिशेब दिला, ते अपमानाचा हिशेब कसे देणार? जिथे हसता येत होते तिथेच माणूस रडायला येतो. ही वाट लहानपणी पाडावी लागते. ऐन संकटात ती पडत नाही.

घरातल्या साध्या वस्तूने मुलाशी कसे बोलावे, याचा एक जुना दाखला मज्झिमनिकायात आहे. अंबलट्ठिका येथे राहुलाने तथागतांसाठी पाय धुण्याचे पाणी ठेवले. परंपरेने राहुलाचे वय तेव्हा सात वर्षांचे मानले जाते. बुद्धांनी भांड्यात थोडेसे पाणी शिल्लक ठेवून ते त्याला दाखविले, मग ओतून टाकले, मग भांडे उपडे केले, पुन्हा सुलटे केले. प्रत्येक वेळी त्याला विचारले, दिसते ना? खोटे बोलण्याची लाज न वाटणाऱ्याचे श्रामण्य असेच रिते असते, हे सांगायला त्यांना पाण्याचे एक भांडे पुरले. हा काही पोरखेळ नव्हता. पण पद्धत पाहा. मुलाच्या हाताजवळची वस्तू घेतली, डोळ्यांना दाखविली आणि प्रश्न विचारले.

आपल्या महाराष्ट्रातही ही वाट मळलेली आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून ठाणे जिल्ह्यातील (आताच्या पालघरमधील) बोर्डी येथे आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर गोरगरिबांच्या मुलांत काम केले. मुले बालवाडीत येत नाहीत म्हणून त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. परदेशी पद्धतीची महागडी साधने परवडणारी नव्हती. तेव्हा शंख-शिंपले, गोटे, पाने आणि बिया यांवर काम भागविले. पुण्याच्या ‘आयुका’ या संस्थेत अनेक वर्षे मुलांसाठी काम केलेल्या अरविंद गुप्ता यांनी कचऱ्यातून शेकडो खेळणी केली. 2018 साली त्यांना पद्मश्री मिळाली. काडेपेटीतल्या काड्यांचा गूल खरवडून टाकायचा आणि सायकलच्या वॉल ट्यूबचे तुकडे सांधे म्हणून वापरायचे, ही त्यांची प्रसिद्ध युक्ती. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी हलत नाही. चार काड्यांचा चौकोन लगेच वाकडा होतो. पुलाला आणि छपराच्या कैचीला त्रिकोण का असतात, हे पोराला फळ्याशिवाय समजते.

आता घरात करायचे काय? हेच वर्तमानपत्र वाचून झाले की त्याची टोपी करा आणि घरातल्या प्रत्येकाने ती घालून जेवायला बसा. फाटक्या मोज्याला दोन बटणे शिवा, तो बोलका बाहुला होतो; जे मूल तुमच्याशी बोलत नाही ते त्याच्याशी बोलते. वीज गेली तर मेणबत्ती लावून भिंतीवर हातांच्या सावल्या पाडा. एक वाक्य तुमचे, एक मुलाचे अशी गोष्ट रचा. त्यात भोपळ्याने लोकलचा पास काढला तरी अडवू नका. अर्धा तास मुलीला बाई करा आणि तुम्ही विद्यार्थी व्हा. मुद्दाम ‘सात साते अठ्ठेचाळीस’ म्हणा. ती ज्या आवेशाने तुम्हाला दटावील, त्यातच तिचा पाढा पक्का होईल.

आणि आजी-आजोबांना विसरू नका. ज्या आजीला नातवाची इंग्रजी वही उलटी की सुलटी कळत नाही, ती अभ्यासाच्या वेळी कोपऱ्यात सरकून बसते. पण सागरगोटे काढा, चिंचोके मांडा, की तीच गुरू होते. आजोबांना ज्वारीच्या चिपाडाची बैलगाडी करता येते. ज्यांना शाळेने दारात उभे केले नाही, त्यांच्या हातातही विद्या आहे, हे नातवंडांना कळू द्या.

काही बांधव म्हणतील, खोली दहा बाय दहाची, ओव्हरटाइम करून अंग मोडलेले, हे चोचले कुणाला परवडतात? त्यांची अडचण खरी आहे. पण त्याच खोलीत मोबाइलला जागा मिळते. पाच वर्षांखालील मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली सांगितले की, दोन ते चार वर्षांच्या मुलाला बसून पडदा पाहण्याचा वेळ दिवसाला एका तासाहून अधिक नसावा आणि कमी असेल तितका बरा. आपल्या किती घरांत हे पाळले जाते? रोज जमत नसेल तर आठवड्यातून दोनदा करा, पण करा. हे काम पुन्हा बाईच्याच गळ्यात पडता कामा नये. ती भाकरी थापत असताना घोडा व्हायला बापाला काय अडचण आहे? आणि मुलगा खेळतो तेव्हा मुलगी भांडी घासत असेल, तर त्या घरात समता अजून पोहोचायची आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क करारातील 31 व्या कलमाने खेळ हा मुलाचा हक्क मानला आणि 1992 साली भारताने तो करार स्वीकारला. हक्कासाठी आपण मोर्चे काढतो, निवेदने देतो. हा एक हक्क असा आहे की तो देणे आपल्याच हाती आहे. तेव्हा आज संध्याकाळी ‘अभ्यास झाला का?’ हे अवश्य विचारा. पण त्याआधी एकदा विचारा, ‘चल, आज काय खेळू या?’