भाड्याची मोटार आणि एकट्याची जोखीम

परदेशप्रवास म्हणजे सहल-कंपनीच्या व्यवस्थापकामागून निघालेला तीस-चाळीस जणांचा जथा, हे समीकरण मराठी मध्यमवर्गात आता पूर्वीइतके पक्के राहिलेले नाही. परकीय चलन बाहेर नेण्याची जी उदार योजना रिझर्व्ह बँकेने २००४ मध्ये सुरू केली, तिची मर्यादा प्रारंभी माणशी वर्षाला २५ हजार डॉलर होती. आज ती अडीच लाख डॉलर आहे. एवढी ऐपत फारच थोड्यांची. तथापि एकट्याने परदेशी जावे, विमानतळावरच मोटार भाड्याने घ्यावी आणि मनाला येईल तेथे थांबावे, ही आकांक्षा आता नोकरदारांच्या घरांतही रुजू लागली आहे. ती स्वागतार्हच आहे. मात्र या स्वातंत्र्याची किंमत केवळ दैनिक भाड्यावरून ठरवणे धोक्याचे होय.

न्यूझीलंडचे उदाहरण घेण्यासारखे आहे. तेथे वाहने भारताप्रमाणेच डाव्या बाजूने चालतात आणि इंग्रजीतील भारतीय परवाना पर्यटकाला पुरतो. साहजिकच हा देश सोयीचा वाटतो. पण भारतात १९८८ च्या मोटार वाहन कायद्यान्वये त्रयस्थाच्या नुकसानीचा विमा सक्तीचा आहे. न्यूझीलंडमध्ये अशी सक्तीच नाही. न्यायमूर्ती ओवेन वुडहाऊस यांच्या आयोगाने १९६७ मध्ये केलेल्या शिफारशींतून तेथे १ एप्रिल १९७४ पासून अपघात-भरपाईची सार्वजनिक योजना अमलात आली. दोष कोणाचा हे न पाहता ती जखमी माणसाच्या उपचारांना हातभार लावते आणि परदेशी पाहुण्यालाही तिचे छत्र लाभते. माणसाच्या हाडामांसाची जोखीम अशी समाजाने उचलली. मोटारीच्या पत्र्याची जोखीम मात्र खाजगी करारावर सोडली.

या करारातच खरी मेख आहे. ‘भाड्यात विमा समाविष्ट’ असे शब्द वाचून प्रवासी निर्धास्त होतो. वस्तुतः नुकसानीचा पहिला हिस्सा त्यानेच सोसावयाचा असतो आणि ही रक्कम बहुधा काही हजार न्यूझीलंड डॉलरांच्या घरात जाते. ती कमी करावयाची तर दररोज जादा आकार द्यावा लागतो. शिवाय अपवाद असतातच. क्वीन्सटाऊनजवळच्या स्किपर्स रस्त्यावर भाड्याची मोटार नेली, तर कंपन्यांचे विमासंरक्षण सामान्यतः लागूच होत नाही.

या हिश्श्याचे समर्थन अर्थशास्त्राच्या आधारे करता येते. सर्वच नुकसान दुसरा भरून देणार असेल, तर चालक बेफिकीर होतो, हा युक्तिवाद खोटा नाही. पण पुढच्या वाहनाच्या चाकाखालून उडालेल्या खड्याने काच तडकली किंवा उभ्या मोटारीला कोणी घासून गेले, तर त्यात चालकाच्या बेफिकिरीचा संबंध काय? अनेक करारांत अशा वेळीही हा हिस्सा प्रवाशाकडूनच वसूल होतो. विकणाऱ्याला ठाऊक असते ते घेणाऱ्याला ठाऊक नसते, तेव्हा बाजार कसा बिघडतो, हे जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींचेच उदाहरण घेऊन दाखवून दिले होते. भाड्याच्या मोटारीची खिडकी या सिद्धान्ताला अपवाद नाही.

त्यात प्रवासी एकटा. चौघे असतील तर भाडे आणि दुरुस्ती यांचे चार वाटे होतात. डोळ्यांवर झापड आली तर चाक दुसऱ्याच्या हाती देता येते. करार वाचावयास आणखी एक डोळ्यांची जोडी असते. न्यूझीलंडचे घड्याळ आपल्यापुढे साडेसहा ते साडेसात तास असते. तेथे सकाळी आठ वाजता मोटारीची किल्ली हाती पडते तेव्हा प्रवाशाच्या शरीराची मध्यरात्र उलटलेली असते. अशा वेळी पानभर बारीक अक्षरांखाली केलेली सही ही विचारपूर्वक दिलेली संमती कशी मानावी? आणि त्याच अवस्थेत, मध्ये दुभाजक नसलेल्या रस्त्यावर, ताशी १०० किलोमीटरच्या मर्यादेत मोटार हाकणे हे तर त्याहून गंभीर. तेथे पैशाचा प्रश्न उरत नाही, प्राणांचा उरतो. आणि तो धोका केवळ प्रवाशापुरता मर्यादित नसतो.

उपाय अवघड नाहीत. प्रवाशाने कराराचा मसुदा घरी असतानाच मागवून वाचावा, मोटार ताब्यात घेताना तिची चहूबाजूंनी छायाचित्रे घ्यावीत आणि पहिली रात्र मुक्कामी झोपून काढावी. कंपन्यांनी भाड्याच्या आकड्याशेजारी, तेवढ्याच ठळक अक्षरांत, प्रवाशाच्या हिश्श्याचा आकडा छापावा. आपल्या परिवहन कार्यालयांतून आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना दिला जातो, त्यासोबत या गोष्टी समजावणारे मराठी पत्रक देण्यास फारसा खर्च येणार नाही. वर्षानुवर्षांच्या बचतीवर प्रवासास निघालेल्या माणसाला जोखीम पत्करण्याचा अधिकार आहेच. ती किती आहे हे सहीपूर्वी कळण्याचा अधिकारही त्याला मिळावयास हवा.