दुर्मीळ आजार आणि बाजारपेठेचे गणित

तीन-चार महिन्यांचे धडधाकट मूल. प्रथम दोन-तीन दिवस त्याला शौचास होत नाही. मग दूध ओढण्याची शक्ती कमी होते, रडणे क्षीण होते, पापण्या जड होतात आणि मान टाकली जाते. ताप मात्र नसतो. घरच्यांना ही दृष्ट वाटावी आणि डॉक्टरांनाही आधी जंतुदोषाची शंका यावी, यात नवल नाही. अर्भकांतील बोट्युलिझम हा स्वतंत्र आजार म्हणून ओळखला गेला, तोच मुळी १९७६ साली, कॅलिफोर्नियात. मोठ्या माणसांच्या पोटात सहसा दूषित अन्नातून तयार विष जाते. अर्भकाच्या आतड्यात मात्र धुळीतले वा मधातले बीजाणू रुजतात आणि विष तेथेच निपजते. ते मज्जातंतूंकडून स्नायूंना मिळणारा संदेशच तोडते.

शौचाच्या नमुन्यात विष सापडले की निदान पक्के होते. पण त्या तपासणीला काही दिवस लागतात. प्रतिविष रक्तात फिरणारे विष निकामी करते. मज्जातंतूत शिरलेल्या विषावर त्याची मात्रा चालत नाही. म्हणूनच लक्षणांवरून निदान करून, अहवालाची वाट न पाहता उपचार सुरू करावे लागतात. जंतुदोषाच्या शंकेने जेंटामायसिनसारखे औषध दिले, तर दुबळेपणा उलट वाढू शकतो.

हे प्रतिविष, 'बेबीबिग', कोणा बड्या औषध कंपनीने शोधलेले नाही. वर्षाला शे-दीडशे रुग्णांसाठी कारखाना कोण काढणार? कॅलिफोर्नियाच्या आरोग्य खात्याने लस घेतलेल्या स्वयंसेवकांच्या रक्तद्रवातून ते तयार केले. १९९२ ते १९९७ च्या चाचणीत रुग्णालयातील सरासरी मुक्काम ५.७ आठवड्यांवरून २.६ आठवड्यांवर आला आणि दर मुलामागे रुग्णालयाचे बिल सुमारे ८८ हजार डॉलरांनी घटले. २००३ साली परवाना मिळाला, तेव्हा औषधाची किंमत सुमारे ४५ हजार डॉलर होती. म्हणजे इतके महाग औषधही अखेर स्वस्तच पडले. तरीही बाजारपेठेने ते आपण होऊन निर्माण केले नाही, ही बाब खाजगीकरणाच्या पुरस्कर्त्यांनी ध्यानात घ्यावी. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेत एका कंपनीच्या बाळदुधाच्या भुकटीमुळे अनेक राज्यांतील अर्भके आजारी पडली, तेव्हा हेच सरकारी औषध कामी आले.

आपल्याकडे नवजात बाळाला मध चाटवण्याची रीत आहे. वर्षाच्या आतील मुलास मध देऊ नये, हा सल्ला बिनखर्चाचा आहे. तो सुईणी-आजीबाईंपर्यंत पोचवणे अवघड नाही. पण तेवढ्याने भागत नाही, कारण बहुतेक रुग्णांत बीजाणू कोठून आले हे सापडतच नाही. प्रतिविष सातासमुद्रापलीकडून मागवावे लागते. ते येईपर्यंत, किंवा आलेच नाही तर, आधार उरतो तो श्वसनयंत्राचा, नळीने दूध देण्याचा आणि अहोरात्र जागणाऱ्या परिचारिकेचा. मज्जातंतूंची टोके पुन्हा फुटतात, मूल पूर्ववत होते. त्याला आठवडे लागतात. आपली जिल्हा रुग्णालये यंत्रखरेदीची तरतूद करतात. त्या यंत्राशेजारी पाच-सहा आठवडे पाळीपाळीने बसणाऱ्या परिचारिकांची पदे भरली आहेत काय, हे अंदाजपत्रक वाचणाऱ्याने आधी पाहावे.