कनेक्ट होत नाहीये!

महिन्यातून दोन-तीनदा तरी हा मेसेज येतोच. कधी टीममधल्या नव्या मुलाचा, कधी जुन्या मित्राचा. "दादा, पीजीअ‍ॅडमिन कनेक्ट होत नाहीये. रीइन्स्टॉल पण करून बघितलं." एरर काय आलीये विचारलं की उत्तर, "काहीतरी लाल लाल येतंय." आता मंडळी, नुसत्या रंगावरून रोग ओळखायला मी काय वैद्य आहे का?

मुळात रीइन्स्टॉल कशाला? पीजीअ‍ॅडमिन असो, मायएसक्यूएल वर्कबेंच असो की मायक्रोसॉफ्टचा मॅनेजमेंट स्टुडिओ, ही सगळी नुसती गिऱ्हाइकं. दुकान वेगळं असतं, बऱ्याचदा वेगळ्या मशीनवर. दुकान बंद असताना गिऱ्हाइकाने शर्ट बदलून काय होणार?

ती लाल ओळ वाचा हो. अर्धं उत्तर तिच्यातच असतं. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' म्हणजे तुम्ही मशीनपर्यंत पोचलात, पण त्या पोर्टवर कोणी ऐकत नाहीये. सर्व्हिस बंद आहे, नाहीतर पोर्ट चुकलाय (पोस्टग्रेसचा ५४३२, मायएसक्यूएलचा ३३०६, एसक्यूएल सर्व्हरचा १४३३, अर्थात कोणी बदलला नसेल तर). तिकीट खिडकी बंद आहे हे जसं समोर गेल्यावर लगेच कळतं, तसं. 'टाइमआउट' म्हणजे पलीकडून हूं की चूं नाही. पत्ता चुकीचा, नाहीतर मधली फायरवॉल तुमची पाकिटं गुपचूप गिळतेय. कळवा स्टेशनात उभं राहून फास्ट लोकलची वाट बघण्यातलाच हा प्रकार :) आणि 'अ‍ॅक्सेस डिनाइड' आलं तर खरं म्हणजे आनंद व्हायला हवा. नेटवर्क ठीक, सर्व्हर चालू, फक्त तो तुम्हाला ओळखत नाही.

या ओळखीची पण गंमत असते. मायएसक्यूएलमध्ये नुसतं युजरचं नाव पुरत नाही, तो कुठून आला हेही बघतात. त्यामुळे तोच पासवर्ड सर्व्हरवर चालतो आणि तुमच्या डेस्कटॉपवरून चालत नाही. लिनक्सवर 'लोकलहोस्ट' लिहिलं तर त्याचा क्लायंट सॉकेट फाइलमधून जातो आणि १२७.०.०.१ लिहिलं तर टीसीपीवरून. दोन्ही एकच समजून लोक अख्खी दुपार घालवतात. पोस्टग्रेस तर मुळात फक्त लोकलहोस्टवरच ऐकतो, बाहेरून रिफ्यूज्ड येणारच. एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेसमध्ये टीसीपी/आयपी आधीपासून बंद असतं. या गोष्टी मुद्दाम तशा ठेवल्यात, बिघाड म्हणून नाही.

आणि इथेच माझं खरं भांडण सुरू होतं. कोणीतरी शहाणा सांगतो, "अरे, फायरवॉल बंद कर, ०.०.०.० टाक, युजरला सगळीकडून परवानगी देऊन टाक, होतंय की!" होतं ना. तोच तर घोळ आहे. एकदा चालू झालं की परत जाऊन ते दार लावतो कोण? आणि लॅपटॉपवरच्या 'टेस्ट' डेटाबेसमध्ये काय असतं? खऱ्या गिऱ्हाइकांची नावं, मोबाइल नंबर, पत्ते. टेस्टिंगला सोयीचं म्हणून प्रॉडक्शनची कॉपी आणलेली. ज्यांचा तो डेटा आहे त्यांना तुमच्या सोयीबद्दल कोणी विचारलेलं नसतं.

जुन्या लोकांना स्लॅमर आठवत असेल. २५ जानेवारी २००३. एसक्यूएल सर्व्हरच्या यूडीपी १४३४ पोर्टवरून शिरणारा वर्म, काही मिनिटांत हजारो मशीन खलास. पॅच जुलै २००२ मध्येच आलेला होता! पण बरीच मशीन म्हणजे साधे डेस्कटॉप होते. दुसऱ्या कुठल्यातरी सॉफ्टवेअरबरोबर एमएसडीई नावाचं छोटं इंजिन त्यांवर आलेलं, आणि आपल्याकडे डेटाबेस आहे हेच मालकाला माहीत नाही. अमेरिकेत ओहायोमधल्या डेव्हिस-बेसी अणुवीज केंद्रातही तो शिरला, तोही फायरवॉल टाळून एका कंत्राटदाराच्या नेटवर्कला जोडलेल्या लाइनवरून. सुरक्षेची माहिती दाखवणारी एक यंत्रणा जवळपास पाच तास बंद होती. नशीब, केंद्र तेव्हा आधीच बंद होतं.

वीज म्हटलं की आम्हा कळवेकरांना १२ ऑक्टोबर २०२० आठवणारच. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई गपगार, लोकल जागच्या जागी. तेव्हाचे ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी त्याच दिवशी सांगितलं की कळवा-पडघा ४०० केव्हीच्या एका सर्किटचं काम चालू होतं, भार दुसऱ्यावर होता आणि त्यात बिघाड झाला. मार्च २०२१ मध्ये राज्याच्या गृहमंत्र्यांनी सायबर विभागाच्या अहवालाचा हवाला देऊन सायबर हल्ल्याची शक्यता बोलून दाखवली. काळ्या यादीतल्या आयपींवरून वीज कंपनीच्या सर्व्हरवर लॉगिनचे प्रयत्न झाल्याचं त्यात होतं. केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह म्हणाले, छे, मानवी चूक. माझ्या मते लॉगिनचे प्रयत्न होणं आणि त्याने लाइन ट्रिप होणं यात भलं मोठं अंतर आहे, आणि ते लॉग दाखवूनच पार करावं लागतं. पण प्रयत्न होतात यात नवल काहीच नाही. इंटरनेटवर उघडा पोर्ट ठेवा आणि लॉग बघत बसा, दार ठोठावणारे येतातच.

असो. मग कनेक्ट करायचं कसं? एसएसएच टनेल. पीजीअ‍ॅडमिन, वर्कबेंच, डीबीव्हर, सगळ्यांत त्याची सोय आहे, फक्त कोणी वापरत नाही. डेटाबेस लोकलहोस्टवरच ऐकत राहतो, तुम्ही एसएसएचने आत जाऊन तिथून बोलता. सेटिंगला दहा मिनिटं लागतात. आणि डॉकर वापरत असाल तर पोर्ट देताना आधी १२७.०.०.१ लिहा. नाहीतर तो सगळ्या नेटवर्कवर उघडतो, आणि लिनक्सवर तुमच्या यूएफडब्ल्यूच्या नियमांना वळसा घालून उघडतो. हे मी सांगितलं तेव्हा आमच्या टीममधल्या तिघांनी तिथल्या तिथे लॅपटॉप उघडून तपासलं. दोघांचे पोर्ट उघडे होते, त्यातला एक तर स्टेशनसमोरच्या कॅफेच्या वायफायवरून रोज काम करायचा.