पुनर्वसन पूर्ण झालं, हे कोण ठरवणार?



परिसर अभ्यासात आपण धरण शिकवतो. फायदे विचारले की मुलं घडाघडा सांगतात : सिंचन, वीज, पिण्याचं पाणी, मासेमारी. पण "धरण झालं तिथं आधी काय होतं?" हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. उत्तर सोपं आहे. तिथं गाव होतं, वावरं होती आणि एक शाळाही होती. त्या गावाचं पुनर्वसन 'पूर्ण झालं' असं कागदावर लिहिलं जातं, तेव्हा ते कशावरून लिहितात, याबद्दल आज थोडं बोलायचं आहे.

विषय लांबचा नाही. आपल्या वर्धा नदीवरच दोन मोठी धरणं आहेत : मोर्शी तालुक्यात सिंभोऱ्याजवळ अप्पर वर्धा आणि आर्वी तालुक्यात धनोडीजवळ निम्न वर्धा. समृद्धी महामार्गही आपल्याच जिल्ह्यातून गेला आहे. अप्पर वर्धा 1993 साली पूर्ण झालं. अमरावती शहर त्याचं पाणी पितं. आणि ऑगस्ट 2023 मध्ये याच धरणाच्या प्रकल्पग्रस्तांनी न्याय मागत मंत्रालयातल्या संरक्षक जाळीवर उड्या घेतल्या. धरण होऊन तीस वर्षं झाली, तरी प्रश्न संपलेला नाही. तिकडे कोयना धरणाच्या विस्थापितांची तर पुढची पिढी अजून जमिनीसाठी लढते आहे.

कुणी म्हणेल, मोबदला मिळाला ना, मग रडगाणं कशाला? मोबदला मिळतो तो ज्याच्या नावावर सातबारा आहे त्याला. पण एका वावरावर किती घरं जगतात ते बघा. निंदणाला आणि कापूस वेचायला जाणाऱ्या बाया, सालदार, बटईनं शेती करणारा, बंडी दुरुस्त करणारा सुतार, नदीत जाळं टाकणारा, रेतीत डांगरवाडी लावणारा. यांचा सातबारा कुठं आहे? खरेदीखतावर सही मालकाची असते, मजुराची नसते. जमीन गेली की मालकाच्या हातात पैसा येतो आणि मजुराचं काम तेवढं जातं.

कायद्याला हे कळत नाही असंही नाही. 2013 चा भूसंपादन कायदा 1 जानेवारी 2014 पासून लागू झाला. त्यात 'बाधित कुटुंब' म्हणजे फक्त जमीनमालक नाही. संपादनाआधी तीन वर्षं त्या भागात राबणारे शेतमजूर, कुळं, कारागीर, ज्यांचं मुख्य पोट त्यावर होतं, तेही त्यात येतात. नोकरी, एकरकमी 5 लाख रुपये किंवा 20 वर्षं दरमहा किमान 2,000 रुपये, असे पर्याय कायद्यात आहेत. नवीन वसाहतीत रस्ते, पाणी, शाळा अशा 25 सोयी हव्यात. सिंचन प्रकल्प असेल तर गाव पाण्याखाली जाण्याच्या सहा महिने आधी पुनर्वसन पूर्ण व्हायला हवं.

मग अडतं कुठं? माझ्या मते अडतं ते तपासणीत. इमारत मोजता येते. शाळेच्या दोन खोल्या झाल्या, समाजमंदिर झालं, खांब उभे राहिले, की यादीवर बरोबरची खूण करता येते. पण त्या गावठाणात राहायला आलेल्या बाईला वेचणीचं काम किती दिवस मिळतं, हे कोणी मोजत नाही. घर मिळालं पण हाताला काम नाही, तर माणूस त्या घराला कुलूप लावतो आणि काम असेल तिथं जातो. यादीत मात्र सगळं पूर्ण असतं.

आणि हे कुलूप लागतं तेव्हा सगळ्यात आधी ते शाळेला कळतं. आपण शाळा सोडल्याचा दाखला देतो. त्यात एक रकाना असतो, 'शाळा सोडल्याचे कारण'. आपण लिहितो, 'पालकांचे स्थलांतर'. तारखेसकट. जनरल रजिस्टरलाही तीच नोंद. मला वाटतं, उपजीविका सावरली की नाही हे पाहण्याचा याहून स्वस्त आणि सरळ पुरावा गावात दुसरा नाही.

समजा, गाव हलण्याआधीच्या पाच वर्षांत वर्षाला दोन-तीन दाखले जात होते आणि नंतर दहा-बारा जाऊ लागले. शेजारच्या न हललेल्या गावात मात्र आकडा तसाच आहे. तर कुठंतरी पाणी मुरतंय. एखादं कुटुंब चांगल्या नोकरीसाठीही गेलं असेल, हे मान्य. आकडा निकाल देत नाही, पण कोणाच्या घरी जाऊन विचारायचं ते सांगतो.

याच कायद्यात, 100 एकर किंवा जास्त जमीन घेतली जात असेल तर प्रकल्प पातळीवर पुनर्वसन समिती नेमायची तरतूद आहे. तिनं कामावर देखरेख ठेवायची आणि नंतर ग्रामसभेच्या सल्ल्यानं सामाजिक लेखापरीक्षण करायचं. तिच्यात महिलांचे, अनुसूचित जाती-जमातींचे, बँकेचे प्रतिनिधी असतात; आमदार, खासदारही असतात. शाळेचं नाव त्या यादीत नाही. म्हणून माझ्या दोन मागण्या आहेत.

पहिली, लेखापरीक्षणात शाळेच्या दाखल्यांचा आकडा घ्यावा, आणि तो निदान दहा वर्षं दर जूनमध्ये घ्यावा. फक्त आकडा, मुलांची नावं नाहीत.

दुसरी, तो आकडा शाळा व्यवस्थापन समितीनं ग्रामसभेत वाचावा. शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या महिला. म्हणजे ज्यांचं काम गेलं, त्यांनाच बोलायला जागा मिळेल.

"गुरुजींच्या डोक्यावर आणखी एक अशैक्षणिक काम!" असं काही मित्र म्हणतील. त्यांचा राग मला कळतो. पण इथं नवीन काही लिहायचं नाही. लिहिलेलंच मोजायचं आहे, वर्षातून एकदा, अर्ध्या तासात.

सावंगी (मेघे)सारख्या गावात आपण उलट बाजूला आहोत. कामासाठी बाहेरून आलेल्या घरांची मुलं आपल्याकडे दाखला घेऊन येतात. तेव्हा आईवडिलांना एक प्रश्न जरूर विचारा : "गावाकडं काय काम करत होते जी तुम्ही?" त्या उत्तरात त्या मुलाचा अर्धा अभ्यास असतो. 1937 साली वर्ध्यातच भरलेल्या शिक्षण परिषदेत नई तालीमचा विचार पुढं आला, तोही हाताच्या कामातून शिक्षण हाच होता. ज्या घराचं कामच हरवलं, त्या घरातलं पोर काय हरवून वर्गात बसलंय, हे आपल्याला माहीत असायला नको का?

वर्गासाठी एक छोटा उपक्रम. धरणाचा पाठ झाला की मुलांना आपल्या गावातल्या दहा घरांची कामं लिहून आणायला सांगा. मग फळ्यावर नदी काढा आणि विचारा, इथं पाणी भरलं तर यातलं कोणतं काम नव्या जागी चालेल, कोणतं नाही? धरण वाईट असं शिकवायचं नाही. पाणी सगळ्यांनाच लागतं. पण फायदे लिहिताना मुलांनी एक ओळ जास्त लिहावी : हे पाणी आपल्याला कोणी दिलं, आणि त्यांचं पुढं काय झालं.