रेझ्युमे पाठवला, पुढे काय? कलिन्याच्या ढिगापासून एटीएसपर्यंत

१६ जुलै २०२४ ला मुंबई विमानतळाजवळ कलिन्यात एअर इंडिया एअरपोर्ट सर्व्हिसेसची भरती होती. काम विमानात सामान चढवायचं-उतरवायचं. बातम्यांनुसार जागा होत्या २,२१६ आणि आलेल्यांचा आकडा २५ हजारांपर्यंत गेला. कुणी बुलढाण्याहून आलेलं, कुणी थेट राजस्थानातल्या अलवरहून. गर्दी आवरेना, तेव्हा उमेदवारांना सांगितलं गेलं की रेझ्युमे इथे ठेवा आणि घरी जा.

धक्काबुक्कीचे व्हिडिओ आपण सगळ्यांनीच पाहिले. मला त्यातला शेवटचा भाग जास्त लागला. चारशे किलोमीटर प्रवास करून आलेल्या पोराच्या हातात शेवटी एकच गोष्ट उरली, ती म्हणजे एक कागद. तोही ढिगात टाकून त्याला परतीची गाडी पकडावी लागली.

आता मोबाईलकडे बघा. कांदिवलीहून निघालेल्या लोकलमध्ये उभ्या उभ्या अंगठ्याने ‘अप्लाय’ दाबणारी पोरं-पोरी मी रोज बघतो. तिथेही ढीगच आहे, फक्त तो दिसत नाही. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो आणि आमच्या टीमसाठी फ्रेशर्सचे रेझ्युमे वाचायचं काम अधूनमधून माझ्याकडे येतं. म्हणून म्हटलं, या ढिगात नेमकं काय होतं ते एकदा नीट सांगावं.

अप्लाय दाबल्यावर काय होतं?

बऱ्याच मोठ्या कंपन्या आणि जॉब पोर्टल अर्ज सांभाळायला एक सॉफ्टवेअर वापरतात. त्याला एटीएस म्हणतात, म्हणजे अ‍ॅप्लिकंट ट्रॅकिंग सिस्टीम. त्याचं काम साधारण चार टप्प्यांत चालतं.

पहिला टप्पा: तुमच्या फाईलमधून फक्त अक्षरं बाहेर काढली जातात. रंग, चौकटी, आयकॉन सगळं गळून पडतं. दुसरा: त्या अक्षरांतून नाव, फोन, शिक्षण, अनुभव, स्किल्स असे कप्पे भरले जातात. तिसरा: रिक्रूटर त्यात सर्च मारतो. ‘टॅली’, ‘जावा’, ‘बोरिवली’, जे हवं ते. काही ठिकाणी सॉफ्टवेअर स्वतःच क्रम लावतं. ‘नाईट शिफ्ट चालेल का?’ यासारख्या प्रश्नाला तुम्ही ‘नाही’ म्हटलं, तर अर्ज तिथेच बाजूला पडू शकतो. चौथा टप्पा माणसाचा. तो वर आलेली थोडी पानं उघडतो आणि प्रत्येकावर भरभर नजर फिरवतो.

‘७५ टक्के रेझ्युमे एटीएसच फेकून देतं’ असं तुम्ही रील्समध्ये ऐकलं असेल. हा आकडा छातीठोकपणे सांगणारे बरेच जण रेझ्युमे दुरुस्त करून द्यायचे पैसे घेणारे असतात, एवढं लक्षात ठेवा. बहुतेक वेळा रेझ्युमे कुणी फेकत नाही. तो सर्चमध्ये येतच नाही आणि ढिगात तळाशी पडून राहतो.

झेरॉक्सच्या दुकानातला बायोडेटा

आपल्याकडे स्टेशनजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात ‘बायोडेटा बनवून मिळेल’ अशी पाटी असते. लग्नाचा आणि नोकरीचा, दोन्हींना शब्द एकच. त्यामुळे दोघांचा साचाही एकमेकांत मिसळलाय. वडिलांचं नाव, जन्मतारीख, धर्म, वैवाहिक स्थिती, कोपऱ्यात पासपोर्ट फोटो आणि खाली ‘वरील माहिती सत्य आहे’ ही घोषणा. एका पानातलं अर्धं पान असंच जातं. सरकारी अर्जात जे विचारलंय ते भरावंच लागतं. खाजगी नोकरीच्या रेझ्युमेत मात्र यातलं बहुतेक नको असतं. पत्ताही ‘कांदिवली पूर्व, मुंबई’ एवढा पुरतो.

दुसरी अडचण साच्याच्या आतली आहे. हे बायोडेटा बऱ्याचदा टेबलात बसवलेले असतात. कॅनव्हासारख्या अ‍ॅपवरचे दोन कॉलमचे सुंदर टेम्प्लेटही त्याच जातीचे. काही पार्सर डावीकडची ओळ आणि उजवीकडची ओळ एकत्र वाचतात. मग ‘बी.कॉम., मुंबई विद्यापीठ’च्या मधोमध ‘क्रिकेट, वाचन’ येऊन बसतं. प्रिंट काढून, मोबाईलवर फोटो मारून केलेली पीडीएफ तर आणखी वाईट, कारण ती मुळात चित्र असते.

मराठीत अर्ज करणाऱ्यांसाठी तिसरी मेख फॉन्टची. श्रीलिपी, कृतिदेवसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाईप केलेला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, पण फाईलच्या आत त्याची इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असतात. सर्चला त्यातलं काही कळत नाही. मोबाईलच्या मराठी कीबोर्डवर टाईप केलंत तर हा प्रश्न येत नाही, कारण तो युनिकोडच वापरतो.

आणि नाव. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी असतं, म्हणून आपण रेझ्युमेवरही तसंच लिहितो. मग ‘डिअर पाटील’ असं ईमेल येतं. रेझ्युमेवर आधी स्वतःचं नाव, मग आडनाव लिहा आणि स्पेलिंग सगळीकडे एकच ठेवा.

फोनवरची दोन मिनिटांची टेस्ट

पैसे खर्चून ‘एटीएस स्कोअर’ काढायच्या आधी हे करा. पीडीएफ उघडा, सगळा मजकूर सिलेक्ट करून कॉपी करा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवा. आता तो मेसेज वाचा.

काहीच सिलेक्ट होत नसेल, तर तुमचा रेझ्युमे म्हणजे फोटो आहे. ओळी उलटसुलट आल्या, तर टेबल किंवा कॉलमचा गोंधळ आहे. अगम्य चिन्हं आली, तर फॉन्ट बदला. मेसेज सरळ वाचता आला, तर मशीनलाही तो बहुतेक वाचता येईल. एक कॉलम, साधी शीर्षकं, वर्डमधून थेट सेव्ह केलेली पीडीएफ आणि फाईलच्या नावात तुमचं नाव. एवढं पुरे.

पांढऱ्या अक्षरांत कीवर्ड लपवायची युक्तीही सध्या फिरतेय. अक्षरं बाहेर काढली जातात तेव्हा रंग राहत नाही, त्यामुळे लपवलेला मजकूर रिक्रूटरच्या स्क्रीनवर उघडा पडू शकतो. मग जमेची बाजूही हातची जाते.

सगळ्यांचं पत्र एकसारखं

चॅटजीपीटी आल्यापासून रेझ्युमे वाचणाऱ्याची वेगळीच पंचाईत झालीय. इंग्रजी सगळ्यांचं सफाईदार आणि मजकूर सगळ्यांचा तोच. मेहनती, शिकण्याची आवड, टीममध्ये काम करण्याची क्षमता. दहावा रेझ्युमे वाचताना पहिला कुणाचा होता हेच आठवत नाही.

एआय वापरू नका असं मी म्हणणार नाही, मीही वापरतो. फक्त क्रम बदला. आधी व्हॉइस टायपिंग सुरू करा आणि मराठीत, मित्राला सांगावं तसं सांगा: मी काय केलं, कुठे, किती दिवस, त्याने काय फरक पडला. मग एआयला म्हणा, ‘याचं साधं इंग्रजी कर, स्वतःचं काही घालू नकोस.’ मशीनला भाषा येते, पण तुमच्या आयुष्यात काय घडलं ते तिला माहीत नाही. ते तुम्ही दिलं नाहीत, तर ती गुळगुळीत शब्दांनी जागा भरते.

एक कसोटी लावा: रेझ्युमेतल्या प्रत्येक ओळीवर इंटरव्ह्यूमध्ये दोन मिनिटं बोलता आलं पाहिजे. नाही आलं, तर ती ओळ काढा.

सहा ओळींचं कव्हर लेटर

कव्हर लेटर कोण वाचतं, असा प्रश्न येतो. मोठ्या कंपनीत कदाचित कुणीच नाही. छोट्या कंपनीत, शाळेत, सीएच्या ऑफिसात ईमेल थेट माणूस उघडतो, तिथे ते वाचलं जाऊ शकतं. वेगळी फाईल नको, ईमेलमध्येच लिहा. समजा चारकोपची एक बी.कॉम. मुलगी बिलिंगच्या कामासाठी अर्ज करतेय:

‘नमस्कार. आपल्या बोरिवली शाखेतील बिलिंग असिस्टंट पदासाठी मी अर्ज करत आहे. गेलं वर्षभर मी एका मेडिकल दुकानात रोज संध्याकाळी बिलिंग आणि स्टॉकची नोंद करते. मुदत संपत आलेल्या औषधांची यादी तिथे वहीत असायची, ती मी एक्सेलमध्ये आणली. त्यामुळे माल वेळेत परत पाठवता येतो. टॅलीचा कोर्स मी केला आहे, प्रत्यक्ष कामात मात्र अजून वापरलेलं नाही. चारकोपला राहत असल्याने सकाळची शिफ्ट जमेल. रेझ्युमे सोबत जोडला आहे.’

यात ‘मेहनती’ हा शब्द कुठेच नाही, तरी मेहनत दिसते. काय येत नाही तेही सांगितलंय, त्यामुळे बाकीच्यावर विश्वास बसतो. अशी कामं आपण ‘घरचंच तर होतं’ म्हणून रेझ्युमेत लिहीत नाही. क्लासला शिकवणं, सोसायटीचे हिशेब, गणपती मंडळाची वर्गणी पावत्यांसकट सांभाळणं, हे सगळं कामच आहे. लिहा.

निवड मशीन करत असेल तर?

अ‍ॅमेझॉनने रेझ्युमे निवडणारं एक टूल बनवलं होतं. कंपनीकडे दहा वर्षांत आलेल्या रेझ्युमेवर ते शिकलं आणि ते बहुतांश पुरुषांचे होते. परिणामी महिलांशी संबंधित शब्द असलेल्या रेझ्युमेंना ते कमी गुण देऊ लागलं. कंपनीने ते टूल बंद केल्याची बातमी रॉयटर्सने ऑक्टोबर २०१८ मध्ये दिली. अमेरिकेत वर्कडे या कंपनीच्या भरती सॉफ्टवेअरवर २०२३ मध्ये खटला दाखल झाला. शंभराहून जास्त अर्ज नाकारले गेलेल्या एका उमेदवाराने तो केलाय. मे २०२५ मध्ये कोर्टाने वयाच्या मुद्द्यावर तो सामूहिक खटला म्हणून पुढे न्यायला प्राथमिक मंजुरी दिली. वर्कडेला हे आरोप मान्य नाहीत.

आपल्यासाठी तातडीचा धोका आणखी साधा आहे. रेझ्युमे म्हणजे तुमच्या माहितीचं गाठोडं. भारतात डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, पण कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार आहेत. तोवर तरी खबरदारी आपणच घ्यायची. आधार, पॅन, बँक खातं, सही यातलं काहीही रेझ्युमेवर नको. आणि अर्जासाठी किंवा ‘ट्रेनिंग किट’साठी कुणी क्यूआर कोड पाठवून पैसे मागितले, तर समजा ती नोकरी नाही.

शंभर अर्ज, शून्य उत्तरं

शेवटचं बोलणं थोडं कडू आहे. टीसीएसने जुलै २०२५ मध्ये आपले सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांहून अधिक कर्मचारी कमी करणार असल्याचं सांगितलं. अशा वेळी अनुभवी माणसंही त्याच पोर्टलवर येतात. २,२१६ जागा आणि २५ हजार माणसं असतील, तर रेझ्युमे कितीही चांगला असला तरी दहातल्या नऊ जणांना घरीच जावं लागणार. हे गणित कुठल्याही टेम्प्लेटने बदलत नाही.

म्हणून उत्तर आलं नाही की ‘माझ्यातच काहीतरी कमी आहे’ हा निष्कर्ष लगेच काढू नका. आपल्या हातात इतकंच आहे की आपलं पान मशीनला वाचता यावं आणि माणसाला लक्षात राहावं. दिवसाला पन्नास ‘अप्लाय’ दाबण्यापेक्षा पाच ठिकाणी नीट अर्ज करा आणि त्या पाचपैकी कुठे कॉलेजचा सीनियर किंवा ओळखीचं कुणी काम करतं का ते बघा. त्यांना मेसेज करायला लाजू नका. ढिगातून तुमचं पान वर काढून बघणारं कुणीतरी आत असलं, तर फरक पडतो.