मातीतली ठेव

कोकणातून बदलीवर दिल्लीला गेलेल्या कुटुंबाच्या सामानात पुष्कळदा अनंताचे एखादे रोप असते. रोहिणी, नोएडा किंवा गुरुग्राम येथील नव्या घराच्या अंगणात ते मोठ्या हौसेने लावले जाते. काही महिने ते तग धरते. मग कोवळी पाने पिवळी पडू लागतात. शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. घरातील मंडळी कधी दिल्लीच्या लूला, तर कधी तिथल्या कडाक्याच्या थंडीला बोल लावतात. पाणी वाढवले जाते, खत घातले जाते. झाड मात्र खंगतच जाते. दोष आभाळात शोधला जातो आणि तो बहुधा पायाखाली असतो.

कोकणातील जांभ्याची तांबडी माती आम्लधर्मी असते. दिल्लीची बरीचशी भूमी यमुनेच्या गाळाने घडलेली आहे. नदीकाठच्या नव्या गाळाला तिकडे खादर, तर उंचावरील जुन्या गाळाला बांगर म्हणतात. बांगर जमिनीत चुनखडीचे खडे आढळतात आणि मातीचा सामू सामान्यतः सातच्या वर, म्हणजे अल्कधर्माकडे झुकलेला असतो. अशा मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. महाराष्ट्रातील शेतकरी पिकावर ‘केवडा’ पडला असे म्हणतो, तोच हा प्रकार. पैसा खात्यात आहे, पण काढता येत नाही, अशी त्या झाडाची अवस्था होते.

निसर्गदत्त मातीची ही स्थिती. माणसाने त्यात आणखी भर घातली आहे. घर बांधून झाले की सिमेंट, चुना, विटांचे तुकडे असा सारा राडारोडा अंगणातच पसरला जातो आणि त्यावर वीतभर माती टाकून हिरवळ अंथरली जाते. चुना व सिमेंट मातीचा सामू अधिकच वाढवतात. बांधकामाच्या अवजड वाहनांनी जमीन आधीच दडपलेली असते. कूपनलिकेचे क्षारयुक्त पाणी आणि पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून बाहेर पडणारे त्याहून खारट पाणी ‘वाया जाऊ नये’ या सद्भावनेने रोज झाडांना घातले जाते. पावसाळ्याचे दोन-तीन महिने सोडले, तर ते क्षार धुऊन नेण्याइतका पाऊस तेथे पडत नाही. ते मातीत साठत राहतात.

मराठीत ‘वाफसा’ हा एक अर्थवाही शब्द आहे. मातीत ओलावा आणि हवा दोन्ही योग्य प्रमाणात असण्याची ती अवस्था. चांगल्या मातीच्या आकारमानाचा सुमारे अर्धा भाग पोकळीचा असतो. त्या पोकळीतूनच मुळे श्वास घेतात, गांडुळे फिरतात, पाणी मुरते. झाडाची अन्नपाणी शोषणारी बहुतेक बारीक मुळे जमिनीच्या वरच्या फूट-दोन फुटांतच असतात आणि ती फांद्यांच्या घेराबाहेरही पसरतात. म्हणूनच बुंध्याला भिडवून फरशी बसवली की झाडाचे नाक-तोंडच दाबले जाते. झाड लगेच मरत नाही. ते वर्षानुवर्षे साठ्यावर जगते, शेंड्याकडून वाळू लागते आणि एखाद्या वादळात आडवे होते.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने एप्रिल २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांच्या बुंध्यापासून एक मीटर अंतरातील काँक्रीट काढून टाकण्याचा आदेश दिला, तो याच कारणासाठी. पुढे ३० मे २०२२ रोजी झालेल्या वादळात राजधानीत शेकडो झाडे कोसळली. प्रत्येक झाडाच्या पडण्याचे कारण एकच होते असे नव्हे. वाराही विलक्षण होता. परंतु पसरायला माती न मिळालेली आणि गटारांसाठी, तारांसाठी एका बाजूने तोडलेली मुळे झाडाला धरून ठेवू शकत नाहीत, हे सांगायला तज्ज्ञाची गरज नाही.

तरीही वृक्षप्रेमाचा सारा हिशेब रोपांच्या संख्येवर मांडला जातो. किती लावली हे सांगितले जाते. पाच वर्षांनी किती उरली, हे क्वचितच. शेतकऱ्यांसाठी २०१५ मध्ये मृदा आरोग्य पत्रिकेची योजना सुरू झाली. शहरातील अंगणाची माती तपासावी असे मात्र कोणाच्या मनात येत नाही. भारतीय कृषी संशोधन संस्था १९३६ पासून दिल्लीतच, पुसा परिसरात आहे. ज्या शहरात मृदाशास्त्राचे एवढे ज्ञान नांदते, तेथील अंगणे त्यापासून वंचित राहावीत, हे खेदजनक आहे.

यावर रहिवाशांची बाजूही समजून घेतली पाहिजे. गाड्या उभ्या करायला जागा हवी, पावसात चिखल नको, वृद्धांचा पाय घसरू नये, या अपेक्षा गैर नाहीत. परंतु त्यासाठी सगळेच अंगण लिंपून टाकावे लागत नाही. पायवाट फरशीची असावी, गाड्यांच्या जागी पाणी मुरणारे सच्छिद्र ठोकळे असावेत आणि प्रत्येक झाडाभोवती ऐसपैस आळे मोकळे असावे. मार्चमध्ये कडुनिंब पाने ढाळतो, तेव्हा तो पाचोळा जाळण्याऐवजी आळ्यात पसरावा. पाने जाळण्यावर दिल्लीत २०१५ पासून पाच हजार रुपये दंड आहे. पण दंडाच्या भीतीपेक्षा तोट्याची जाणीव अधिक उपयोगी पडेल. पाचोळा उन्हाळ्यात ओल राखतो, कुजून मातीत सेंद्रिय अंश वाढवतो आणि दडपलेल्या जमिनीत गांडुळांना परत बोलावतो.

झाडाची निवडही मातीला विचारून करावी. अनंताची हौस कुंडीत, वेगळ्या आम्लधर्मी मातीत भागवता येते; अंगणात मात्र कडुनिंबासारखे तिथल्या मातीशी जुळलेले झाड लावावे. गृहनिर्माण संस्थांनी वृक्षारोपणाच्या अंदाजपत्रकात रोपांच्या खर्चाआधी माती-परीक्षण आणि शेणखत यांची तरतूद करावी.

ठेव मोडून खाणाऱ्या घराला काही काळ सुबत्ता आल्यासारखी वाटते. अंगणातील सावलीचेही तसेच आहे. नवी दिल्ली वसवताना रस्त्यांच्या कडेने जांभूळ, कडुनिंब, अर्जुन लावले गेले आणि त्यांची सावली पुढील पिढ्यांना मिळाली. ती सावली म्हणजे मातीतील ठेवीवर मिळालेले व्याज होय. मुद्दल फरशीखाली गाडून व्याज मिळत राहील, अशी अपेक्षा निदान हिशेब जाणणाऱ्यांनी तरी धरू नये.