मुलगी पीएच.डी. करते म्हणजे नेमकं काय करते?

डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी विधान परिषदेत विचारलं होतं, पीएच.डी. करून ही मुलं काय दिवे लावणार आहेत? त्यावरून मोठा गदारोळ झाला, मग खुलासे झाले. पण मैत्रिणींनो, खरं सांगू का? हाच प्रश्न आपल्याकडे परभणी, सेलू, जिंतूर, गंगाखेडच्या घराघरांतून रोज विचारला जातो. विचारणारे फक्त वेगळे असतात. कधी आजी असते, कधी आत्या, आणि बहुतेक वेळा पाहायला आलेली मंडळी.

बचत गटाच्या निमित्ताने माझं गावोगाव फिरणं असतं. मध्यंतरी एका गावात बैठक संपल्यावर एक बाई थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "ताई, पोरगी एम.ए. झाली. आता म्हणायली पीएच.डी. करायची, सरकार महिन्याला पैसे देतंय म्हणायली. शिकायचे बी कुठं पैसे भेटतेत का? कोणी फसवायलं तर नाही ना तिला?"

त्यांची शंका अगदी रास्त होती. शिक्षण म्हटलं की पैसे भरायचे, हेच आपण जन्मभर पाहिलं. म्हणून म्हटलं, एकदा नीट मांडावंच.

पीएच.डी. ही बी.ए., एम.ए.सारखी वर्गात बसून पास व्हायची परीक्षा नाही. ते काम आहे. आजवर कोणी न शोधलेली एखादी गोष्ट शोधायची आणि ती पुराव्यानिशी लिहायची. काम पूर्णवेळ असतं, दुसरी नोकरी करता येत नाही, म्हणून त्याला दरमहा पैसे, म्हणजे फेलोशिप. विद्यापीठ अनुदान आयोगाची नेट परीक्षा वरच्या गुणांनी पास होणाऱ्यांना जेआरएफ मिळते. १ जानेवारी २०२३ पासून तिचा दर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, त्यापुढे महिना ४२,००० रुपये आहे. जास्तीत जास्त पाच वर्षं. वसतिगृह नसेल तर घरभाडं वेगळं. पुस्तकं, प्रवास, झेरॉक्स यांसाठी भाषा-इतिहासाच्या मुलांना सुरुवातीला वर्षाला १०,००० आणि नंतर २०,५०० मिळतात. आणि हो, हे पैसे थेट मुलीच्या खात्यात जमा होतात. दर महिन्याला संस्थेने पोर्टलवर 'ही मुलगी काम करते आहे' असं कळवायचं, मग रक्कम येते. आपल्या किती लेकीबाळींच्या स्वतःच्या खात्यात दरमहा असा पैसा येतो, सांगा बरं!

आता त्या बदल्यात अपेक्षा काय? आपला जिल्हा नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाकडे येतो. पण नियमांची चौकट देशभर एकच, ७ नोव्हेंबर २०२२ ची. आधी किमान १२ क्रेडिटचा कोर्सवर्क, म्हणजे संशोधन कसं करायचं याचं शिक्षण. मग विषयाचा आराखडा. मग दर सहामाहीला सल्लागार समितीपुढे उभं राहून काय काम झालं ते सांगायचं. शेवटी प्रबंध, तो बाहेरच्या दोन परीक्षकांकडे, आणि सगळ्यांसमोर तोंडी परीक्षा. किमान तीन वर्षं, कमाल सहा.

"पण मराठी-इतिहासात शोधायचं काय असतं?" हा पुढचा प्रश्न. विज्ञानाचं लोकांना पटतं, तिथे यंत्र दिसतं. तर जनाबाईचंच घ्या. गंगाखेडची, आपली. तिच्या नावावरच्या अभंगांतले कोणते तिचे आणि कोणते मागाहून तिच्या नावावर चढले, हे कसं ठरणार? जुनी बाडं मिळवायची, हस्ताक्षर लावायचं, एका बाडातला शब्द दुसऱ्याशी ताडून पाहायचा. एकेका अभंगाला महिने जातात. किंवा आपल्या आज्यांच्या जात्यावरच्या ओव्या घ्या. गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली. ज्यांना शंभर-शंभर ओव्या पाठ होत्या त्या बाया एकेक करून जात आहेत. त्यांच्याजवळ बसून ते टिपून घेणारी शहरातून आलेली पाहुणी असण्यापेक्षा आपल्याच गावची पोर असली तर आज्या जास्त मोकळ्या होतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. इतिहासाचं तर विचारूच नका. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. कारभार उर्दूत. त्या काळचे शेतसाऱ्याचे, शाळांचे, स्त्रियांच्या हक्कांच्या दाव्यांचे कागद वाचायचे तर परभणीच्या मुलीने उर्दू शिकायला हवं, हैदराबादच्या दप्तरखान्यात जाऊन बसायला हवं. हे फावल्या वेळात, धुणीभांडी आटोपून होणारं काम आहे का? डॉ. तारा भवाळकर यांनी हयातभर लोकसंस्कृतीचा अभ्यास केला, बायकांच्या गाण्या-कथांकडे गांभीर्याने पाहिलं. २०२५ च्या दिल्लीच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं, तेव्हा आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हाही वाजवल्या. भाषा जुनी आहे हे सिद्ध करायला अभ्यासकच लागले ना?

पण सरकारची कथा ऐका. जेआरएफ थोड्यांनाच मिळते. म्हणून राज्याने अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणब्यांसाठी सारथी, इतर मागास व भटक्यांसाठी महाज्योती या संस्थांमार्फत फेलोशिप सुरू केल्या. चांगलंच झालं. ज्या घरात आई-बाप दोघं सोयाबीन-कापसाच्या शेतात राबतात, त्या घरातली मुलगीही संशोधनाचा विचार करू लागली. मग २०२३ मध्ये प्रत्येक संस्थेला २०० जागांची मर्यादा घालायचं ठरलं. 'काय दिवे लावणार' हे त्याच चर्चेतलं. पात्रता ठरवायला २४ डिसेंबर २०२३ ला परीक्षा घेतली, तर २०१९ च्या सेट परीक्षेचीच प्रश्नपत्रिका पुन्हा दिल्याची ओरड झाली. १० जानेवारी २०२४ ला फेरपरीक्षा. तिथे प्रश्नपत्रिकेचे काही संच सीलबंद नव्हते म्हणून मुलांनी बहिष्कार टाकला. त्यानंतर उपोषणं, मोर्चे, निवेदनं. मला विचाराल तर, मुलगा असता तर घरच्यांनी म्हटलं असतं, "थांब, लढ, अजून एक वर्ष." मुलीच्या बाबतीत सरकारचं एक वर्ष लांबलं की इकडे घरात पत्रिका बाहेर निघते. फाईल मुंबईत अडकते आणि मुहूर्त परभणीत निघतो. हे नुकसान कुठल्याच अहवालात येत नाही.

नियमात बायकांसाठी काही चांगल्या गोष्टी आहेत, त्या मात्र आपल्याला कोणी सांगत नाही. सहा वर्षांत काम झालं नाही तर पुन्हा नोंदणी करून दोन वर्षं मिळतात आणि महिलांना त्याहून आणखी दोन, म्हणजे एकूण दहापर्यंत. बाळंतपण व संगोपनासाठी संपूर्ण काळात मिळून २४० दिवसांपर्यंत रजा मिळते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, लग्न होऊन किंवा अन्य कारणाने गाव बदललं तर अटी पाळून आपलं संशोधन दुसऱ्या विद्यापीठात नेता येतं. म्हणजे "लग्न झालं, पीएच.डी. सुटली" हे नियमाने होत नाही, ते आपल्या घरांत होतं.

एक खोच मात्र नीट लक्षात घ्या. नियम दहा वर्षांची मुभा देतो, पैसा पाचच वर्षं. बाळंतपण, आजारपण, सासरचं बस्तान यात ज्या बाईची दोन-तीन वर्षं गेली, तिला प्रबंध लिहिण्याच्या ऐन भरात खिसा रिकामा. मुदत वाढवून दिली पण पैसे नाही वाढवले, ही सवलत अर्धीच, असं माझं स्पष्ट मत आहे. जेआरएफला वयाचीही अट आहे, ३० वर्षं, बायकांना पाच वर्षांची सूट. लवकर लग्न होऊन मुलं शाळेत जायला लागल्यावर पुन्हा पुस्तकं उघडणारी आपल्याकडची बाई बरेचदा पस्तिशीपार असते. तिच्यासाठी पीएच.डी.चं दार उघडं, जेआरएफचं बंद. आई-वडिलांची एकुलती एक मुलगी असेल तर सावित्रीबाई जोतीराव फुले फेलोशिप आहे. तिची वयोमर्यादा ४०, राखीव प्रवर्गाला ४५. पण आपल्या भागात भाऊ किंवा बहीण नसलेली मुलगी शोधायची म्हणजे दिवा घेऊनच निघावं लागेल!

नोकरीचंही खोटं सांगणार नाही. जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापक व्हायला पीएच.डी. सक्तीची नाही, नेट किंवा सेट पुरते. पीएच.डी. झालेले कितीतरी जण तासिका तत्त्वावर, तासाचे पैसे मोजत शिकवत आहेत. त्यामुळे "झाली की प्राध्यापक" असं गृहीत धरून मुलीला पाठवू नका. पाठवायचं तर त्या पाच वर्षांच्या कामासाठी आणि त्या वर्षांत मिळणाऱ्या स्वतःच्या पैशासाठी पाठवा.

त्या बाईंना मी एवढंच सांगितलं, की नेट वर्षातून दोनदा होते, साधारण जून आणि डिसेंबरच्या सुमारास. मराठीसाठीही होते. २०२४ पासून तिच्या गुणांवर पीएच.डी.ला प्रवेशही मिळू शकतो. फॉर्म ऑनलाइन असतो, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर आधीच काढून ठेवा, ऐनवेळी तहसीलला रांग असते. त्या म्हणाल्या, "अन् पाहुणे आले तर काय सांगू?" मी म्हटलं, सांगा, पोरगी कामाला लागायली.